छेदाच्या जागी तोडलेली रेघ

आधी अक्कांबद्दल लिहितो, मग माझ्याबद्दल. उलट लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मी कोणीतरी आहे आणि त्या मला वाटेत कुठंतरी भेटल्या. तसं नाही. त्या होत्या म्हणून मी आज ड्रॉइंग ऑफिसात खुर्चीवर बसतो, म्हणून माझ्याकडे मॅट्रिकचा दाखला आहे, आणि म्हणून हे चार कागद लिहिण्याची मला हिंमत होते आहे.

अक्का बंगळूरच्या एका बायकांच्या कॉलेजात गणित शिकवतात. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं आहे की पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, ह्या माझी थट्टा करतात. त्यांना माझी निपाणीकडची मराठी ऐकून हसू यायचं. मी "व्हय" म्हटलं की त्यांचे वडील आतल्या खोलीतून "व्हय" म्हणायचे. तरी त्या माणसांनी मला मागची खोली दिली, जेवायला हाक मारली, आणि मला "तम्मा" म्हणजे धाकटा भाऊ केलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि मी जे सांगणार आहे त्याच्या शेजारी त्यांचं नाव लिहायला माझा हात धजत नाही.

आता माझं. आमच्या गावच्या शाळेत आठवीला बीजगणित सुरू झालं आणि माझी शाळा संपली. अक्षरांची बेरीज कशी होते हे मी मास्तरांना विचारलं, तर त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून वर्गाला विचारलं, "ह्याला अक्षरं येतात का ते आधी सांगा." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वडील तंबाखूच्या वखारीत होते, त्यांना कळायला महिना लागला. पुढे मावसभावानं मला बंगळूरला आणलं. तो एका कारखान्यात फिटर होता. माझं अक्षर आणि हात बघून तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात मला ट्रेसर म्हणून तात्पुरतं घेतलं.

ट्रेसरचं काम म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलनं काढलेला नकाशा निळसर ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचा. कापडावर आधी खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई धरते. रूलिंग पेनमध्ये शाई बेताची भरायची. आणि नळ्यांच्या नकाशात एक नियम कधीच विसरायचा नाही. दोन नळ्या कागदावर एकमेकींना छेदताना दिसतात, पण यंत्रात एक वरून आणि एक खालून जात असेल, तर खालच्या नळीची रेघ तिथं तोडायची. दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी सोडायची. नाही तोडली तर फिटरला वाटतं नळ्या जोडलेल्या आहेत, आणि तो तिथं भोक पाडतो. माझ्या हातून एकदा असं राहिलं होतं. आमच्या मुख्य ड्राफ्ट्समननं ते कापड सगळ्या टेबलांवरून फिरवलं, प्रत्येकाला दाखवलं, आणि शेवटी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, हे जपून ठेव, तुझ्या लग्नात आहेरात दे. तेव्हापासून छेद दिसला की माझा हात आपोआप थांबायचा.

वर्षभरानं ती तात्पुरती जागा संपली. मावसभावाच्या खोलीवर पाच जण होतो. मी दुसरी खोली शोधत होतो आणि कोणीतरी कब्बनपेठेतलं अक्कांचं घर सांगितलं. तिथं गेलो तेव्हा माझ्या काखेत पंपाच्या नकाशाची एक जुनी गुंडाळी होती, काम मागायला जाताना दाखवायची. अक्कांनी ती तिथंच पडवीत उलगडून पाहिली. भाडं, जात, गाव काहीच विचारलं नाही. एका वाकड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कशानं काढलंस?"

मी म्हणालो, फ्रेंच कर्व्हनं, म्हणजे वळणाच्या पट्टीनं, पण तुकड्या-तुकड्यानं, कारण ही रेघ कुठल्याच पट्टीवर पुरती बसत नाही.

"सांधा कुठं आहे मग?"

"दिसत न्हाई, अक्का. दिसला तर काम वाया."

त्या पुन्हा वाकून बघत राहिल्या आणि मग वडिलांना हाक मारून म्हणाल्या, खोली ह्याला द्यायची.

त्यांच्या कॉलेजातल्या मुलींसाठी मी वक्र काढायला लागलो. अक्का आलेखाच्या कागदावर बिंदू मांडायच्या, मी ते जोडायचो. एकेका समीकरणाची एकेक रेघ. ज्या अक्षरांनी मला शाळेतून काढलं त्यांचीच चित्रं होती ती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर मी थोडा घाबरलो. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "सरी, बरं झालं, म्हणजे आता ती तुला ओळखतात." रोज संध्याकाळी अर्धा तास त्या मला शिकवायच्या. मला चूक करण्याची भीती इतकी होती की उत्तर येत असूनही मी गप्प बसायचो. त्या थांबायच्या. त्यांना थांबता येतं.

त्या काळी जयनगरच्या लेआउटचे, म्हणजे नव्या वसाहतीचे, रस्ते नुकतेच आखले होते. अक्कांच्या वडिलांनी तिथं एक साइट, म्हणजे घरासाठी जमिनीचा तुकडा, घेतली होती, आणि रविवारी आम्ही तिघं ती बघायला जायचो. बघायला काय, तर चार दगड आणि मध्ये गवत. एकदा त्या दगडावर बसून अक्कांनी मला त्या स्वतः काय वाचतात ते सांगितलं. तोवर मला वाटायचं त्या मुलींसाठीचंच वाचतात.

"समज, प्रत्येक वक्राला एक साइट मिळाली," त्या म्हणाल्या. "ज्यांचे आकार ओढून-ताणून एकमेकांसारखे करता येतात ते एकाच घरचे, त्यांना मिळून एक साइट. शेजारच्या साइटवर कोण? जो स्वल्प वेगळा आहे तो. असा सगळा लेआउट भरला, की मग वक्र सोडून द्यायचे आणि लेआउटचाच अभ्यास करायचा. तो केवढा आहे, त्यात रस्ते किती, सलग आहे की तुटक."

मी विचारलं, लेआउट संपतो तिथं काय असतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काही फार मोठं विचारलं. म्हणाल्या, "काठावर मोडके राहतात. बाकीचे सगळे गुळगुळीत. काठावरचा स्वतःलाच छेदतो. त्याला लेआउटात घ्यायचं की नाही, घेतलं तर कसं, ह्यावर आज जगातली शहाणी माणसं डोकं फोडतायत."

"त्यात काय डोकं फोडायचं? घ्यावं की बिचाऱ्याला."

त्या इतक्या हसल्या की वडील दुसऱ्या दगडावरून उठून आले. मलाही हसू आलं. हे वक्र खरं तर उद्दिन वड्यासारखे, म्हणजे मध्ये भोक असलेल्या उडदाच्या वड्यासारखे, असतात आणि कागदावर आपल्याला त्यांची नुसती एक रेघ दिसते, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मला आजही कळलेलं नाही. पण स्वतःला छेदणारा तो काठावरचा वक्र मला कळला होता. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे मी तो कळलाच नसल्यासारखा वागलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये तीन आठवड्यांचा गणिताचा वर्ग भरणार होता. मुंबईचे एक प्राध्यापक ह्याच विषयावर बोलणार होते. मूळ पुण्याचे, त्या क्षेत्रात मोठं नाव. व्याख्यानांच्या टिपणांचं काम त्यांनी दोघांना दिलं होतं, अक्कांना आणि मद्रासच्या एका तरुणाला. टिपणं सायक्लोस्टाइल होऊन सगळ्यांना मिळायची, आणि जो हे काम चांगलं करील त्याला प्राध्यापक आपल्याकडे संशोधनाला घेऊन जाणार होते. एकच जागा होती. अक्का तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. आई गेलेली, लग्न केलेलं नाही, दहा वर्षं घर आणि कॉलेज सांभाळून एकट्या वाचत होत्या. विचारायला कोणी नव्हतं, चूक दाखवायलाही कोणी नव्हतं. वडिलांनी कसाबसा होकार दिला होता. ह्या वेळी झालं नाही तर मग शिकवणंच, असं अक्कांनी जेवताना सरळ सांगितलं, आणि भाताचं भांडं पुढं केलं.

त्यांचं पहिलं काम पाच चित्रांचा एक कागद तयार करण्याचं होतं. एकच समीकरण, त्यातला एक आकडा हळूहळू बदलायचा आणि वक्र कसा बदलतो ते दाखवायचं. पहिल्या चित्रात डावीकडे एक अंडं, उजवीकडे उघडी कमान, मध्ये अंतर. दुसऱ्यात ते अंतर कमी झालेलं. तिसऱ्यात अंडं आणि कमान एका बिंदूत भेटतात आणि रेघ स्वतःला छेदून जाते, दिसायला माशासारखी. चौथ्यात सगळं मिळून एकच रेघ, तिला बारीक कंबर. पाचव्यात कंबरही सैल पडलेली. अक्कांनी चार दिवस बसून बिंदू मांडले होते. मला कागद देताना म्हणाल्या, "मोजून काढलंय, तम्मा. जसं आहे तसं उतरव."

मी दुपारी बसलो. पहिली दोन चित्रं झाली, शेवटची दोन झाली. मधलं मुद्दाम मागं ठेवलं होतं. माशाच्या शेपटीपाशी दोन रेघा एकमेकींवरून जात होत्या, आणि तिथं माझा हात थांबला. ओल्या शाईच्या दोन रेघा अशा भेटल्या की मध्ये डाग पडतो, तोही विचार होता. पण खरा विचार दुसराच होता, आणि तो सांगायची लाज वाटते. मला वाटलं, अक्कांनी ड्रॉइंग ऑफिस कधी पाहिलेलं नाही. गणित त्यांना येतं, नकाशा मला येतो. एवढे मोठे प्राध्यापक येणार, चाळीस माणसं बघणार, आणि छेद असा कच्चा सोडलेला. आपण नीट करू. जयनगरच्या दगडावरचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. पण ते बोलणं डोक्यात होतं आणि हा नियम हातात होता. मी वरची रेघ अखंड ओढली आणि खालची तोडली, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. मी ते उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसलो.

प्रिंटचं दुकान पाचला बंद व्हायचं. अक्का कॉलेजातून धावत आल्या, बोटांना स्टेन्सिलची शाई, काखेत स्टेन्सिलच्या कागदांचा गठ्ठा. मी कापडाची गुंडाळी करून सुतळी बांधून ठेवली होती. त्यांनी हात पुढं केला आणि विचारलं, "मधलं नीट आलं ना?"

"सगळ्यात चांगलं तेच आलंय, अक्का. दोनदा तपासलंय."

मी एकदाही तपासलं नव्हतं. बघत बसण्याला तपासणं म्हणत नाहीत. त्यांनी गुंडाळी तशीच घेतली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला व्याख्यानाला बरोबर घेऊन गेल्या. म्हणाल्या, तुझी चित्रं एवढे लोक बघणार, तू पण बघ. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. मीच रांगेरांगेतून कागद वाटले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. व्याख्यान इंग्रजीत होतं. मला त्यातलं थोडंच कळत होतं, पण लोक माझा कागद हातात धरून बसले होते, त्यांच्याकडे बघून मला फार बरं वाटत होतं. अक्का पहिल्या बाकावर होत्या, मान खाली घालून लिहीत होत्या.

प्राध्यापकांनी फळ्यावर समीकरण लिहिलं, सगळ्यांना कागद बघायला सांगितला, आणि स्वतः एक कागद उचलला. मग ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. काहीतरी म्हणाले, त्यातला 'ब्रिज' हा शब्द मला कळला, आणि हॉल हसला. माझ्या शेजारचा एक म्हातारा अध्यापक कन्नडमध्ये पुटपुटला की वक्रानं स्वतःवर रेल्वेचा पूल बांधला म्हणे. तोही हसत होता. पुढच्या बाकावरचं लिहिणं थांबलं. अक्कांनी आपला कागद उचलून पाहिला. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, थेट माझ्याकडे नाही, शेवटच्या बाकांकडे, आणि पुन्हा मान पुढं केली. प्राध्यापकांनी खडूनं फळ्यावर तो छेद ठळक काढला आणि व्याख्यान पुढं नेलं. एका तुटलेल्या रेघेनं काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. रेघ तुटली म्हणजे वक्र स्वतःला छेदत नाही, नुसता वरून-खालून निघून जातो. मग तो मोडका राहत नाही, आणि लेआउटला काठच उरत नाही. त्या दिवशीचं सगळं व्याख्यान त्या काठाबद्दल होतं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. इंग्रजी येत नव्हतं, असं कारण मी आजवर स्वतःला देत राहिलो असतो. पण तेही कारण माझ्याजवळ नाही, कारण मधल्या सुट्टीत प्राध्यापक कॉफीचा पेला घेऊन व्हरांड्यात आले आणि अक्कांशी मराठीत बोलले. मी उरलेले कागद छातीशी धरून चार हातांवर उभा होतो.

"चित्रं तुम्ही काढलीत?"

"हो. मीच," अक्का म्हणाल्या.

"हात घसरला असता तर मी बोललोही नसतो. पण ही रेघ कोणीतरी विचार करून तोडलीय, बाई. विचार करून तोडली, म्हणजे छेद म्हणजे काय हेच समजलेलं नाही."

"तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते निराश झाल्यासारखे दिसले, जसा माणूस एखादं आवडलेलं फळ कापून बघतो आणि परत ठेवतो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. हे कोण, म्हणाले. आमच्या घरचेच, निपाणीचे, असं अक्कांनी सांगितलं. आमच्या घरचेच, हे त्या त्याही वेळी म्हणाल्या. प्राध्यापकांना माझ्याकडे बघून बरं वाटलं असावं, विषय बदलायला मिळाला म्हणून. हसून म्हणाले, "निपाणी? म्हणजे तंबाखूवाले. मग आमचं हे काही कळतंय का तुम्हाला?"

ह्याहून सोपी संधी कोणाला मिळते? "कळतंय, आणि ती रेघ मी तोडली" एवढंच बोलायचं होतं, तेही माझ्याच भाषेत.

मी म्हणालो, "नाही, सर."

ते मान हलवून आत गेले. अक्का कागद मोजल्यासारखं करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तू घरी जा, जेवून घे, वडिलांना सांग मला उशीर होईल.

दुसऱ्या दिवसापासून चित्रांचं काम मद्रासच्या तरुणाकडे गेलं. अक्कांची टिपणं त्यानंतरही चांगली होत होती, तो तरुणसुद्धा त्यांना विचारायला घरी यायचा. तीन आठवडे प्राध्यापक त्यांच्याशी नीट बोलायचे, शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभारही मानले. मुंबईला त्यांनी मद्रासच्या तरुणाला नेलं. एका रेघेमुळे गेलं असं मी म्हणू शकत नाही, त्यांच्या मनात आणखी काय होतं कोणाला ठाऊक. पण अक्कांच्या विरुद्ध जे बोलणं मी ऐकलं ते एवढंच ऐकलं, आणि ते माझ्या हाताचं होतं.

वर्ग संपल्याच्या संध्याकाळी त्यांनी तो आलेखाचा कागद पुन्हा माझ्यापुढं ठेवला. मधलं चित्र परत काढ म्हणाल्या, कॉलेजातल्या मुलींना लागेल. ह्या वेळी मी रेघ न तोडता ओढली, तर छेदापाशी शाई ओथंबली आणि चांगला मोहरीएवढा डाग पडला. मी ब्लेड घेऊन खरवडायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. तिथं डागच हवा."

मी रडायला लागलो. वडील दारात येऊन उभे राहिले, काय झालं विचारलं. शाई सांडली म्हणून सांगितलं अक्कांनी.

महिना गेला. मी जेवायला आत जाणं टाळायचो, काम नसतानाही बाहेर हिंडायचो. शेवटी एका रविवारी त्या मागच्या खोलीत आल्या आणि विचारलं, तू आमच्यावर रागावलायस की काय. तेव्हा मला बोलावंच लागलं. मी विचारलं, "अक्का, तुम्ही त्यांना माझं नाव का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? काढणारा तू, समजणारी मी. तपासायचं काम समजणारीचं."

"मी दोनदा तपासलं म्हणालो होतो."

"ते मला तिथंच कळलं," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "तू बोलशील असं मात्र वाटलं होतं. स्वल्प वेळ वाटलं."

एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. आवाज चढवला असता, खोली सोडायला सांगितली असती, तर मी कुठंतरी गेलो असतो आणि काही वर्षांत स्वतःच्या बाजूनं एखादी गोष्ट रचून ती खरीही मानली असती. त्यांनी तीही सोय ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या तासाची शिकवणी पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांनी मी बाहेरून मॅट्रिकला बसलो. बीजगणितात पास झालो. राजाजीनगरच्या एका कारखान्यात ट्रेसरची जागा निघाली तेव्हा अक्कांनी शिफारसपत्र लिहून दिलं. बसमध्ये मी ते उघडून वाचलं, उघडायला नको होतं. त्यात लिहिलं होतं की हा गृहस्थ कामात नेमका आहे आणि विश्वासू आहे. साहेबांनी ते वाचून मला लगेच घेतलं. 'विश्वासू' ह्या शब्दावरच घेतलं असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. टेबलावर कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मला आधी तो कागद दिसतो, आणि मी उगाच पुन्हा एकदा सगळं तपासायला लागतो. नवीन मुलं हसतात. म्हणतात, अण्णांना झोपेतही रेघ तुटलेली दिसते.

मागच्या वर्षी ते प्राध्यापक पुन्हा बंगळूरला आले, एका दिवसाच्या व्याख्यानासाठी. अक्का गेल्या नाहीत, परीक्षेचे पेपर होते म्हणाल्या. मी कारखान्यातून अर्धी रजा काढून गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. व्याख्यान संपलं, ते बाहेर आले, लोक बाजूला झाले आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मला लाज वाटते, पण त्याचं मला बरं वाटलं. मी चालत कब्बनपेठेपर्यंत आलो. अक्कांनी विचारलं, आज लवकर कसा. डोकं दुखतंय म्हणालो. त्यांनी कॉफी करून दिली.

आता त्या चाळिशीला आल्या आहेत. मुंबईची जागा मी त्यांना परत देऊ शकत नाही, ती वर्षंही नाही. पण एका जाणत्या माणसाच्या मनात त्यांच्याबद्दल एक वाक्य बसलेलं आहे, की ह्या बाईंना छेद म्हणजे काय ते समजलं नाही. ते वाक्य खोटं आहे आणि ते काढून टाकू शकणारा जगात मी एकटाच आहे. पत्र लिहून भागणार नाही, पत्राला तोंड नसतं, आणि माझी सवय मला माहीत आहे, मी ते टाकायच्या आधी दहा वेळा फाडीन. म्हणून अक्का, हे कागद तुम्ही वाचालच, तर एवढं धरून ठेवा. एक दिवस मी मुंबईला जाईन, त्यांच्या दारात उभा राहीन, आणि ते मला ओळखोत न ओळखोत, ती रेघ मी तोडली, तुम्हाला सगळं समजलं होतं, असं त्यांच्या तोंडावर सांगेन. तुमचं देणं तेवढ्यानं फिटायचं नाही हे मला कळतं. पण सुरुवात तिथूनच करीन.